इंग्रजीतून उचललेली नावे

महोदय,

एखाद्या अमराठी अधिकाऱ्याने काळे यांना ‘काले’ म्हटले की आपण दुखावतो. ही चूक बहुधा नाव रोमन लिपीत वाचल्यामुळे होते, कारण तेथे ल आणि ळ, त आणि ट, द आणि ड यांना एकेकच अक्षर आहे. दाते यांचे नाव तर इंग्रजीतील ‘डेट’सारखेच लिहिले जाते. खेदाची गोष्ट अशी की, मराठी वृत्तपत्रेही दाक्षिणात्य नावांच्या बाबतीत हेच करतात. तमिळ आणि मल्याळममधील एक खास वर्ण रोमनमध्ये ‘झेड-एच’ असा लिहिण्याची रीत आहे. त्याचा उच्चार आपल्या ळच्या पुष्कळ जवळ असूनही आपण कोळिकोडचे ‘कोझिकोड’ आणि खासदार कनिमोळी यांचे ‘कनिमोझी’ छापतो. ज्या अक्षरासाठी आपण हिंदी भाषकांशी हिरिरीने वाद घालतो, तेच येथे हाताशी असताना वापरत नाही, याचा अर्थ शेजारच्या माणसाचे नाव त्याला न विचारता इंग्रजी बातमीतून उचलणे आपल्याला पुरेसे वाटते. आपल्या संपादकीय विभागाने त्या त्या भाषांच्या जाणकारांकडून अशा नावांची सूची तयार करून घ्यावी, ही आग्रहाची विनंती.

— एक वाचक, ठाणे