स्कॅन केले म्हणजे जपले असे नव्हे

संपादक महोदय,

दप्तर स्कॅन करून हार्ड डिस्क कपाटात ठेवली की माहिती कायमची सुरक्षित झाली, हा समज घातक आहे. इंग्लंडमध्ये १०८६ साली चर्मपत्रावर लिहिलेले ‘डूम्सडे बुक’ हे जमीनजुमल्याच्या पाहणीचे दप्तर आजही वाचता येते. त्याच्या नऊशेव्या वर्षानिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये त्याच धर्तीवर काढलेल्या लेसरडिस्क मात्र पंधरा-सोळा वर्षांतच वाचता येईनाशा होऊ लागल्या. तबकड्या शाबूत होत्या, त्या चालवणारी यंत्रे दुर्मीळ झाली होती.

पेनड्राइव्ह किंवा एसएसडीत माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते. विजेविना वर्षानुवर्षे पडून राहिल्यास हा भार गळतो, उष्णतेत अधिकच वेगाने. म्हणून प्रती तीन हव्यात, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा, यादीत नोंदवून दरवर्षी ताडावा. जुळला नाही तर ती फाइल चांगल्या प्रतीवरून बदलून घ्यावी. पाचेक वर्षांनी सगळे नव्या साधनावर उतरवावे. झिप करू नये, पासवर्ड घालू नये. तसे केलेल्या फाइलचे काही बिट बिघडले तरी अख्खी फाइल हातची जाऊ शकते. मजकूर युनिकोड या सर्वमान्य अक्षर-संकेतप्रणालीतच हवा. जुन्या फॉन्टांतला देवनागरी मजकूर तो फॉन्ट नसला की निरर्थक चिन्हांसारखा दिसतो.

हे काम एका पिढीने टाळले तरी साखळी तुटते. शतकांचा विचार असेल तर डोळ्यांनी वाचता येणारी प्रत हवीच. तुरटी आणि राळ वापरून केलेल्या कागदातले आम्ल त्याचे तंतू तोडते. कागद पिवळा पडून घडीवर मोडतो. त्याऐवजी किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असलेला, आयएसओ ९७०६ मानकाचा कागद आणि कार्बनची काळी शाई वापरावी. लॅमिनेशन अजिबात नको. मोठ्या संग्रहासाठी पॉलिएस्टरवरची सिल्व्हर मायक्रोफिल्म, म्हणजे पानांची अगदी लहान छायाचित्रे असलेली फिल्म, उत्तम. थंड, कोरड्या जागी ती ५०० वर्षे टिकेल असा अंदाज आहे, आणि वाचायला भिंग व उजेड पुरतो. मात्र धुताना हायपो हे प्रतिमा पक्की करणारे रसायन मागे राहिले तर डाग पडून प्रतिमा विटते, त्यामुळे हायपो उरला आहे का हे पाहणारी चाचणी टाळू नये.

फिल्मच्या पहिल्या चौकटींत, नुसत्या डोळ्यांनी दिसेल एवढ्या ठळक अक्षरांत, आत काय आहे आणि ते कसे वाचायचे हे दोन-तीन भाषांत लिहावे. रोझेटा शिळेवर एकच फर्मान तीन लिप्यांत कोरलेले होते, म्हणून तर इजिप्तची चित्रलिपी उलगडली.

संस्थांनी स्कॅनिंगच्या निविदेतच मायक्रोफिल्म, तिचा हायपो-चाचणी अहवाल आणि चेकसमची यादी मागावी. मूळ कागद रद्दीत घालू नयेत.

आपला,
एक अभिलेखपाल