बँडला ऐकणारे नाहीत असं कोण म्हणतं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. लेखकाचं म्हणणं असं की स्वतःची गाणी करणाऱ्या बँडला आपल्याकडे काही भवितव्य नाही, पब्लिकला ओळखीचीच गाणी लागतात, आणि ज्या पोरांना नाव काढायचंय त्यांनी रील्स कराव्यात नाहीतर पिक्चरचं काम बघावं. लेख छान लिहिलाय, त्याबद्दल तक्रार नाही, पण माझा साउंड भाड्याने द्यायचा धंदा आहे, हळदीपासून जाहीर सभेपर्यंत सगळं करतो, आणि मिक्सरमागे बसलेल्या माणसाला स्टेज कमी आणि समोरचे चेहरे जास्त दिसतात, त्यामुळे गप्प बसवेना म्हणून हे पत्र. जागेअभावी कापलंत तरी चालेल, फक्त शेवटची मागणी तेवढी कापू नका.

लेखात सगळे दाखले नवी मुंबईत स्टेडियम भरवणाऱ्या परदेशी बँडचे. अहो त्यांचं काय घेऊन बसलात, त्यांच्यामागे केवढी यंत्रणा असते. आपल्याच देशातला इंडियन ओशन कसा विसरलात? दिल्लीचा बँड, 1990 ला सुरू झाला, सुरुवातीला दोघंच, गिटारवर सुस्मित सेन आणि तबला वाजवत गाणारा असीम चक्रवर्ती. पाठोपाठ राहुल राम बेस गिटार घेऊन आला, 1994 ला अमित किलम ड्रम्सवर आला, आणि मग हे चौघं असीम जाईपर्यंत म्हणजे 2009 च्या डिसेंबरपर्यंत एकत्र राहिले. पंधरा वर्षं तेच चार लोक! आमच्याकडे बेंजो पार्टी दोन सीझन टिकत नाही, मानधनावरून फुटते.

कोणी त्यांना फ्युजन म्हणतं कोणी रॉक म्हणतं, मला त्या वादात पडायचं नाही. मला त्यात आवडतं ते हे की लाकडी गिटारच्या आवाजावर अख्खं गाणं उभं राहतं आणि शेजारी मांडी घालून बसलेला माणूस तबलाही वाजवतोय आणि गातोयही. साउंडवाल्यालाच कळेल यात काय दुखणं आहे ते. तबल्याचा माइक वर घेतला की त्यात ड्रम्स शिरतात, ड्रम्सवाल्याला आवर म्हणावं तर गाण्यातला जीव जातो, आणि अकूस्टिक गिटारचा मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, जरा वाढवला की शिट्टी मारायला लागते. म्हणजे असा बँड आधी चार ठिकाणी वाजवून वाजवूनच तयार होतो, एकमेकांना जागा सोडायला शिकतो, ते काय घरात लॅपटॉपवर जमत नाही.

आता ऐकणारे कुठून आले ते बघा. 1993 ला एचएमव्हीने त्यांची पहिली कॅसेट काढली. तेव्हा यूट्यूब नाही, मोबाइल नाही, टीव्हीवर बघाल तर पिक्चरची गाणी. त्यांची दुसरी कॅसेट स्टुडिओतली नाहीच, 1 जानेवारी 1997 ला दिल्लीत पथनाट्यवाले सफदर हाश्मी यांच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात जे वाजवलं त्याचंच रेकॉर्डिंग, ते 'डेझर्ट रेन' नावाने आलं. लाइव्ह म्हणजे लाइव्ह, चुकलं तर चुकलं, रिटेक नाही. माझ्याकडे आलेली कॅसेट मित्राने टीडीकेच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून दिलेली होती, वर बॉलपेनने नाव लिहिलेलं, बाकी वाजवणारे कोण ना माहिती ना फोटो, आणि ती मी पुढे अजून दोघांना उतरवून दिली. कंपनीच्या हिशोबात आमची कोणाचीच नोंद नसणार. पण नंतर तिकीट काढून जे लोक जात होते त्यात आमच्यासारखे फुकटेच जास्त होते हे मी खात्रीने सांगतो.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची आहे कारण मी मूळचा खानदेशातला. हा राहुल राम अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी करून आलेला माणूस, विषय पर्यावरणातली विषद्रव्यं, आणि परत आल्यावर नोकरी धरायची सोडून नर्मदा बचाव आंदोलनात काम करायला गेला. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची 33 गावं आहेत, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली, तेव्हा तो धुळे जिल्हा होता, नंदुरबार 1998 ला वेगळा झाला. आम्हा शहादा-तळोदा भागातल्या लोकांना पुनर्वसनाच्या वसाहती रोजच्या रस्त्यावर दिसतात. त्या खोऱ्यात ऐकलेलं नर्मदेचं गाणं 'मां रेवा' हा बँड स्टेजवर घेऊन आला, आणि आदिवासी बंडखोर चितूवरचं गाणंही. म्हणजे ज्या माणसाने मोर्चात चालत, गावात मुक्काम करत गाणं उचललंय त्याला ते लोकांपुढे कसं ठेवायचं हे कोणी मॅनेजरने शिकवायची गरज नाही. ते गाणं सुरू झालं की पब्लिक स्वतःहून सूर धरतं, मी हे कॉलेजच्या पोरांच्या बँडनेसुद्धा ते घेतलेलं असताना बघितलंय, मागच्या रांगेतली साठीची माणसं टाळ्यांचा ठेका धरतात, त्यांना रॉकशी काय देणंघेणं.

कोणी म्हणेल की अहो त्यांना पुढे टाइम्स म्युझिकसारखी कंपनी मिळाली, 2000 ला 'कंदिसा' हा अल्बम आला आणि गाजला, मग पिक्चर मिळाला, त्यात काय मोठं. बरोबर आहे, मिळालं. पण क्रम बघा ना, कंदिसा आला तेव्हा बँड दहा वर्षांचा होता. आणि पिक्चर कोणता तर 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा 'ब्लॅक फ्रायडे', तो कोर्टात अडकून पडला आणि थिएटरला लागला 2007 ला, गाणी मात्र आधीच बाहेर आलेली आणि लोकांना पाठ. म्हणजे इथे उलट झालं, पिक्चरने बँड मोठा केला असं म्हणायलासुद्धा पिक्चर वेळेवर आला नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. 2010 ला त्यांनी नवा अल्बम काढला, नाव काय तर '16/330 खजूर रोड', दिल्लीत करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते वर्षानुवर्षं रियाज करायचे त्याचा पत्ता. असीमचा आवाज त्यात आहे कारण तो जायच्या आधी रेकॉर्डिंग झालं होतं. आणि हा अल्बम त्यांनी कंपनीला दिलाच नाही, इंटरनेटवर महिन्याला एक गाणं असं फुकट सोडलं, घ्या आणि ऐका. आपल्याला वाटेल वेडे आहेत. पण ज्याला माहितीये की आपले लोक कोण आहेत, कुठल्या गावात आहेत आणि आपण वाजवायला गेलो की ते येतात, त्याला गाणं फुकट द्यायची भीती वाटत नाही, पोट कार्यक्रमांवर चालतं. 2013 ला सुस्मित सेनही बाहेर पडला, म्हणजे सुरुवातीच्या दोघांपैकी कोणीच राहिलं नाही, तरी बँड चालू आहे, आजही वाजवतोय.

आता आपल्या गावाकडे येतो. पोरं नाहीत असं नाही. मुंबईकडे 'अभंग रिपोस्ट'वाले आहेत, तुकोबांचे अभंग गिटार-ड्रम्सवर घेतात आणि पोरं उड्या मारत म्हणतात. पुण्यातून 'अग्नी' आला. आमच्या नाशकात प्रत्येक कॉलेजला दोन गिटारी, एक कहोन (ज्यावर बसून हाताने वाजवतात तो लाकडी खोका) आणि एक गाणारी मुलगी असं काहीतरी असतंच, दोन-चार जणांची स्वतःची मराठी गाणी आहेत आणि ती वाईट नाहीत, एकदोन तर झोपताना डोक्यात वाजतात. मग अडतं कुठे? ते मी रोज बघतो.

एक प्रसंग सांगतो, कुठला ते विचारू नका. संध्याकाळचा कार्यक्रम, आयोजकांनी पोरांना सांगितलेलं की तुमची चार गाणी घ्या. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि स्टेजवर चिठ्ठी आली, 'झिंगाट घ्या'. ती कोणा प्रेक्षकाने पाठवलेली नव्हती, पुढच्या सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांच्या पीएने पाठवलेली. मागे खुर्च्यांवर लोक नीट ऐकत होते, एक बाई तर मोबाइल खाली ठेवून मान डोलवत होत्या. पण सोफ्यावरून चिठ्ठी आली म्हटल्यावर आयोजक विंगेतून हातवारे करायला लागले, गाणारीचा चेहरा पडला, आणि वर मला सांगितलं की साउंडवाले, आवाजाला जरा एको मारा म्हणजे भारी वाटेल. एको मारल्यावर शब्द कोणाला कळणार हो? ज्याचं गाणं कोणी आधी ऐकलेलं नाही त्याचा शब्द न शब्द कळला पाहिजे, हे साधं आहे. मग दुसऱ्या दिवशी म्हणायचं की लोकांना नवीन गाणं चालत नाही!

दिवाळी पहाटचं तेच. पहाटे पाचला थंडीत उठून, स्वेटर घालून, बायकापोरांना घेऊन येणारा असा श्रोता जगात कुठे मिळणार नाही. त्याच्यापुढे स्पॉन्सर दरवर्षी तीच गाणी त्याच क्रमाने ठेवतात. मला ती गाणी आवडतात, माझं निम्मं दुकान त्या हंगामावर चालतं, पण तीन तासांत पंधरा मिनिटं गावातल्या पोरांना दिली तर कोणाचं आकाश कोसळणार आहे? पंधरा मिनिटं, लायटिंग तेच, साउंड तोच, जास्तीचा खर्च शून्य.

आणि मुख्य गोष्ट जागेची. मोठी नाट्यगृहं नाटकांसाठी आहेत, शनिवार-रविवारच्या तारखा त्यांनाच जाव्यात, त्यावर माझा काही आक्षेप नाही. उघड्या मैदानात करायचं तर परवानग्यांचा फेरा आणि रात्री दहाला माइक बंद, तेही कायद्याने बरोबरच आहे. पण शंभर-दीडशे माणसं बसतील असे हॉल शाळांकडे, वाचनालयांकडे, ज्ञातिसंस्थांकडे आहेत, मंगळवार-बुधवारी संध्याकाळी कुलूप लावून पडलेले असतात. दर महिन्याला एकच ठरलेला वार, भाडं परवडेल असं, तिकीट शंभर-दोनशे, चहा मिळाला तर उत्तम, आणि अट एकच की गाणी स्वतःची हवीत. त्याच बँडने त्याच जागी परत यायचं. नाशिककरांना हे समजावून सांगायला नको, गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेने शंभरी गाठली ती काय पोस्टरवर? दर मे महिन्यात संध्याकाळ झाली की माणसं येऊन बसतात, वक्ता नावाजलेला असो नसो. भाषणाला बसतात तर गाण्याला नाही बसणार?

कार्यक्रम झाल्यावर पोरांनी लगेच मागच्या दाराने निघून जाऊ नये एवढं मात्र मी त्यांनाही सांगत असतो. केबल गुंडाळायला अर्धा तास लागतो आम्हाला, तेवढा वेळ लोकांशी बोला, कुठलं गाणं लक्षात राहिलं विचारा, नंबर घ्या, पुढच्या वेळी मेसेज करा. काही जण करतात, काही हवेत असतात. ज्यांनी केलं त्यांच्या पुढच्या कार्यक्रमाला ओळखीचे चेहरे दिसतात मला, तीच माणसं अजून कोणाला तरी घेऊन आलेली असतात.

तर मागणी अशी. तुमच्या अंकात रोज 'आज शहरात' असा कॉलम असतो, त्यात सत्कार, सत्संग, पुस्तक प्रकाशन, आरोग्य शिबिर सगळं येतं. या पोरांनी कार्यक्रमाची माहिती पाठवली तर ती 'व्यावसायिक' म्हणून बाजूला पडते आणि त्यांना जाहिरातीचा दर सांगितला जातो. दोनशे रुपयांच्या तिकिटात जाहिरात कुठून परवडणार त्यांना. बँडचं नाव, जागा, वेळ, एवढ्या दोन ओळी त्या कॉलममध्ये घ्या. आणि लेखक महोदयांना माझ्याकडून निमंत्रण द्या, पुढच्या वेळी माझ्या मिक्सरशेजारी खुर्ची टाकतो, फक्त येताना फोन करा, पार्किंगचा प्रॉब्लेम आहे.

आपला,
एक साउंडवाला, नाशिक