डावी की उजवी?

पुणे, रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. तुमच्या अलास्काच्या क्रूझसाठी एजंट विचारतोय, केबिनची बाल्कनी डावीकडची हवी की उजवीकडची, आणि उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय. फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तू दुसऱ्या मिनिटाला क्रिकेटवर घसरतोस. म्हणून लिहितोय.

आधी डावं-उजवं पक्कं करू. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड केलं की डावीकडची ती पोर्ट, उजवीकडची ती स्टारबोर्ड. आपण कुठेही तोंड केलं तरी पोर्ट ती पोर्टच. रात्री पोर्टला लाल दिवा लागतो, स्टारबोर्डला हिरवा. आणि डावे म्हणजे लाल, हे कॉलेजच्या निवडणुकीत पडल्यापासून तुला वेगळं सांगायला नको.

तुम्ही कॅनडातल्या व्हँकुव्हरला चढून अलास्कातल्या व्हिटियरला उतरणार. म्हणजे प्रवास एकेरी आणि उत्तरेकडे, किनारा उजव्या हाताला. म्हणून जो तो सांगतो, उजवी घ्या. आम्हीही ऐकलं आणि जादा पैसे मोजून उजवी घेतली. सिएटलहून जाऊन परत सिएटललाच यायचं असतं तर हा प्रश्नच नव्हता. जाताना जी बाजू समुद्राकडे, तीच येताना किनाऱ्याकडे.

आता प्रत्यक्षात काय झालं ते ऐक. व्हँकुव्हर सोडल्यावर डावीकडे व्हँकुव्हर बेट, उजवीकडे मुख्य भूमी, मधून आपली बोट. दोन्हीकडे तसेच डोंगर, तेच देवदार, तेच धुकं. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला स्पीकरवर घोषणा झाली, ‘व्हेल, टेन ओ’क्लॉक!’ ही म्हणाली, ‘अजून पाऊण तास आहे, चहा तर घेऊ.’ आम्ही निवांत चहा घेतला. ते घड्याळ नसतं रे, दिशा असते! बारा म्हणजे नाकासमोर, दहा म्हणजे डावीकडे थोडं पुढे. सगळी बोट डावीकडे लोटली होती आणि आम्ही उजव्या बाल्कनीत पारले-जी बुडवत बसलो होतो.

ग्लेशियर बे, म्हणजे राष्ट्रीय उद्यानातली हिमनद्यांची खाडी, तिची मात्र काळजी करू नकोस. तिथे दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ बोटींना परवानगी, त्यामुळे गर्दी नाही. सकाळी पार्कचे रेंजर बोटीवर चढतात आणि माहिती सांगत राहतात. मार्जरी हिमनदीसमोर बोट तासभर थांबते आणि सावकाश जागच्या जागी फिरते, दोन्ही बाजूंना दर्शन मिळावं म्हणून. आमची पाळी दुसरी होती. आधी अर्धा तास समोर नुसतं राखाडी पाणी आणि त्यावर तरंगणारे बर्फाचे तुकडे. मग दाराच्या चौकटीत डावीकडून निळसर भिंत सरकत आली, दीड-एक किलोमीटर रुंद. मी कठड्याला टेकून बघत होतो. वरून भाताच्या मुदीएवढा वाटणारा एक तुकडा सुटला, पाण्यात पडला, पाणी उसळलं, आणि मग, सगळं उरकल्यावर, गडगडाट ऐकू आला. तेव्हा कळलं की ती मूद आपल्या वाड्याएवढी असणार. हिने माझा दंड धरला तो बराच वेळ सोडला नाही. १७९४ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या माणसांनी इथे मोजणी केली, तेव्हा जवळपास सगळी खाडीच बर्फाखाली होती म्हणे.

उजवी घेतल्याचा पस्तावा झाला तो कॉलेज फ्योर्ड नावाच्या चिंचोळ्या खाडीत. तिथल्या हिमनद्यांना १८९९ च्या एका मोहिमेने अमेरिकेतल्या कॉलेजांची नावं दिली आहेत. आत शिरताना डावीकडे तेव्हाच्या मुलींच्या कॉलेजांची ओळ, स्मिथ, व्हासर, वेलस्ली, एकीला एक लागून. उजवीकडे तेव्हा कमीच दिसतं. वळून बाहेर पडताना ती ओळ आपल्या वाट्याला आली खरी, पण तोवर जेवणाची घंटा झाली होती आणि बाल्कनीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आणि ऊन! विलायतेहून मुंबईला येणारे साहेब जाताना डावी, परतताना उजवी केबिन घ्यायचे, उन्हापासून वाचायला, आणि त्या ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’च्या आद्याक्षरांवरून इंग्रजीत ‘पॉश’ शब्द आला, अशी एक गोष्ट तू सांगतोस ना? त्याला कसलाही पुरावा सापडलेला नाही, आता सांगणं बंद कर. इथे आपली गरज उलटीच आहे. अलास्काच्या आखातात बोट वायव्येला आणि मग पश्चिमेला वळते. दुपारचं ऊन डावीकडे, उजवीकडे सावली आणि बोचरा वारा. हवा निवळ असेल तर फेअरवेदर पर्वतरांगेची शिखरं मात्र उजवीकडेच. आम्हाला धुकं दिसलं. वहिनींचे गुडघे आणि त्यांची थंडी लक्षात घेता मी तुझ्या जागी असतो तर डावी घेतली असती. उजवीसाठी एक पैसाही जास्त देऊ नकोस.

बाजूपेक्षा केबिन कुठे आहे ते बघ. मधोमध आणि खालच्या मजल्यावर बोट कमी हलते. डेक प्लॅन मागव. समोर लाइफबोट टांगलेली असेल तर बाल्कनीतून नारिंगी पत्राच दिसेल, आणि डोक्यावर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज. खरी मजा वरच्या उघड्या डेकवर, तिथे दोन्ही बाजू फुकट.

स्कॅगवे बंदरात उतरल्यावर व्हाइट पास घाटाच्या छोट्या आगगाडीत मात्र जाताना डावीकडच्या खिडकीवर आधी रुमाल टाक. ती आपल्या नेरळ-माथेरानपेक्षा एक फूट रुंद, तीन फुटी रुळांवर चालते, आणि दरी सगळी डावीकडेच.

डेक प्लॅन आला की मला व्हॉट्सॲप कर, मी नको त्या केबिनवर फुल्या मारून पाठवतो. आणि माझी लोकरीची टोपी आहे, धुऊन ठेवलीय, जाण्याआधी घेऊन जा.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या