मराठी मतांचा हिशेब कोणी केला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निवडणूक आली की 'इंदूरची मराठी मतं एकगठ्ठा अमक्या पक्षाला' अशा आशयाचा मजकूर आपल्या वृत्तपत्रात हमखास येतो. मी इथे राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे, म्हणून विचारते: हे कळलं कसं? मतदारयादीत मातृभाषेचा रकाना नसतो. फॉर्म 20 या अधिकृत निकालपत्रकात केंद्रवार मतं मिळतात. पण लोकमान्यनगरातल्या एका केंद्रावर कोणाला आघाडी मिळाली, तर ती तिथल्या मराठी घरांनीच दिली असं त्यावरून ठरत नाही. मराठी असलेल्या सुमित्राताई महाजन 1989 पासून सलग आठ वेळा इथून लोकसभेवर निवडून आल्या, त्या काही केवळ मराठी मतांवर नव्हेत.

माझी एक विद्यार्थिनी मतदारांच्या वर्तनावर संशोधन करू इच्छिते. "यात पुढे काय? टीव्हीवर बसून कोण जिंकणार ते सांगायचं?" असं तिच्या आईने मला विचारलं. त्या माउलीचा काय दोष? आपण सगळ्यांनी तिला तेवढंच तर दाखवलं आहे.

प्रत्यक्षात हे काम पायपिटीचं असतं. यादीतून ठरावीक अंतराने नावं निवडायची आणि त्याच माणसाला त्याच्या घरी जाऊन गाठायचं. तो घरी नाही म्हणून शेजाऱ्याला विचारलं तर नमुना, म्हणजे सगळ्या मतदारांच्या वतीने निवडलेला गट, बिघडतो. बाईचं नाव निघालं की तिचा नवरा किंवा सासरा उत्तरं द्यायला पुढे येतो. त्याला न दुखावता तिच्याशीच बोलायला फार कसब लागतं, आणि मला तर हाच या कामाचा गाभा वाटतो. मत कोणाला दिलं, हे तोंडी विचारत नाहीत. नमुना मतपत्रिकेवर खूण करून ती घडी घालून पेटीत टाकायला सांगतात. मतदानोत्तर पाहणी मतमोजणीपूर्वी उरकतात, म्हणजे निकालाचा रंग उत्तरांना लागत नाही. याखेरीज संख्याशास्त्र शिकावं लागतं ते वेगळंच.

ही वाट नवी नाही. पुण्यात राज्यशास्त्रज्ञ व. म. सिरसीकरांनी 1962 च्या निवडणुकीतल्या मतदारांचा अभ्यास केला. रजनी कोठारींनी दिल्लीत 1963 मध्ये स्थापन केलेल्या सीएसडीएस या संशोधन संस्थेने 1967 मध्ये देशव्यापी पाहणी केली. राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकरांचं निवडणूक-अभ्यासातलं काम तर आपल्या वाचकांना ठाऊक आहेच.

आणि अभ्यासाला इंदूरइतकं गाव शोधून सापडायचं नाही. लोकसभा निवडणुकीत 29 एप्रिल 2024 ला इथल्या काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, पक्षाने 'नोटा'चं आवाहन केलं आणि 2,18,674 मतं 'नोटा'ला पडली. त्याआधीचा विक्रम 2019 मधला, बिहारच्या गोपालगंजचा, 51,660 मतांचा. इंदूरच्या या मतांत काँग्रेसचा नेहमीचा मतदार किती, एरवी भाजपला मत देणारा पण या प्रकाराने चिडलेला किती, पहिल्यांदा मत देणारी मुलं किती? आकडा हे सांगत नाही. त्यासाठी दारोदार जाऊन विचारावं लागतं.

महापालिकेची मागची निवडणूक 2022 मध्ये झाली. पुढच्या वेळी एका प्रभागाची पाहणी करायला ही मुलगी तयार आहे. प्रश्नावली मराठीत आणि हिंदीत मी तपासून देईन. निष्कर्ष कोणाला रुचोत न रुचोत, आपण ते जसेच्या तसे छापाल का, एवढं कृपया कळवावं.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, इंदूर