बाबांच्या गुडघ्याचा रिपोर्ट

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पूच्या तपासणीच्या रिपोर्टातल्या ‘४८ तासांत जंतूंची वाढ नाही’ या ओळीवर निर्धास्त होऊ नका. कृत्रिम सांधा, गोळ्या घेतल्या की थांबणारा आणि सोडल्या की पुन्हा झिरपणारा पू. अशा वेळी स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूच्या मंद वाढणाऱ्या रूपाचा संशय घ्यायलाच हवा.

एरवी हा जंतू ब्लड अगारच्या (रक्त घातलेल्या, जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर रातोरात वाढतो, राईएवढ्या सोनेरी ठिपक्यांत. मंद रूपाचे ठिपके त्याच्या दहाव्या हिश्शाचे, फिके, टाचणीच्या टोकाएवढे. दिसायलाच दोन-तीन दिवस लागतात, कधी जास्तही. प्लेट लवकर फेकून दिली की खेळ खलास. ऊर्जा बनवण्याची साखळीच मोडलेली, म्हणून ही संथ चाल. पण तेच त्याच्या पथ्यावर पडतं. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक आत ओढायला आवरणावर जो विद्युतभार लागतो, तोच कमी. पेनिसिलिनच्या जातीची औषधं जंतूला भिंत बांधू देत नाहीत, आणि याचं बांधकाम तर आधीच रखडलेलं! शिवाय हाडाच्या पेशींत दडून बसतो तो वेगळाच. पुढे काही जंतू जुन्या रूपावर येतात आणि दुखणं उलटतं.

म्हणून डॉक्टरांना विचारा: नमुना घेण्याआधी २ आठवडे अँटिबायोटिक थांबवता येईल का? आपल्या मनाने मात्र थांबवू नका. जखमेच्या तोंडाचा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) नको, त्यात कातडीवरचे जंतू येतात. आतल्या मांसाचे ५-६ तुकडे हवेत, प्रत्येकाला वेगळा चिमटा, वेगळी बाटली. लॅबच्या चिठ्ठीवर ‘कृत्रिम सांधा, प्लेट १४ दिवस ठेवा, बारीक वसाहती (म्हणजे ते ठिपके) पाहा’ असं लिहून घ्या.

आई, रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक सुरू झालं तर ते उपाशीपोटी दे. लघवी केशरी होईल, घाबरू नकोस. ते एकटं कधीच नसतं. एकट्याला जंतू चटकन निर्ढावतो. त्यामुळे जोडीची गोळी संपली तर लगेच कळव. रिफॅम्पिसिनने रक्त पातळ करणाऱ्या आणि साखरेच्या काही गोळ्यांचा असर घटतो, तेव्हा बाबांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांपुढे ठेव. जोडीला लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक असेल तर कॅल्शियमची गोळी २ तास आधी किंवा नंतर. सांधा न काढता साफ केला तर गुडघ्यासाठी हे औषध ६ महिनेही चालू शकतं.

थंडी वाजून ताप आला तर माझ्या फोनची वाट न बघता दवाखाना गाठा.

तुमची,
मनू