नाना, त्या कागदी विमानांबद्दल

नाना, साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला गेलो तर तुम्ही चहा पुढे कराल आणि विषय बदलाल, म्हणून हे उघड पत्र.

मे महिन्यात आपल्या अमळनेरात दुपारी पोरांना बाहेर सोडायची सोय नसते. अशा उन्हात तुम्ही गल्लीतली आठ-दहा पोरं ओसरीवर बसवलीत, जुन्या वह्यांचे पाठकोरे कागद काढलेत आणि पंखा बंद केलात. (पंख्यावरून झालेली बोंबाबोंब आमच्या घरापर्यंत आली होती.)

मला वाटलं, टाइमपास आहे. आयटीआयत पोरांकडून लोखंड घासून घेतलेला माणूस आता विमानं करतोय! मग एकदा दारात उभं राहून पाहिलं. आमच्या धाकटीचं विमान नाक वर करायचं, क्षणभर थबकायचं आणि धपकन पडायचं. तुम्ही फक्त विचारलंत, "नाक जड शे का शेपटी?" तिने ते बोटावर तोललं, नाकाला यू-पिन लावली. विमान सरळ गेलं, पण लवकर टेकलं. आता तिला पिनही काढायची होती आणि पंखांच्या मागच्या कडाही वर दुमडायच्या होत्या. तिथे तुम्ही तिचा हात धरलात. "एक टाइमले एकच बदल. तीनदा फेक, मंग दुसरं."

तिने पिन ठेवली, कडा नखभर वर दुमडल्या. मागची हवा वर वळते, शेपटी दबते, नाक उचलतं. हे आधी तिच्या हाताला कळलं, शब्द नंतर आले. वहीत लिहिलंय, "नुसती पिन: ७ फरशा, ८ फरशा, ७ फरशा. पिन आणि कडा: ११, १०, ११." ओसरीच्या शहाबादी फरश्या म्हणजे तिची मोजपट्टी.

२०२२ मध्ये अमेरिकेत तिघा इंजिनिअरांचं कागदी विमान ८८ मीटरच्या पुढे गेलं, हे तुम्ही सांगितलंत त्या संध्याकाळी पोरं टेप घेऊन गल्ली मोजत होती. गल्लीच कमी पडली.

उत्तर माहीत असून तुम्ही गप्प बसायचात, त्याबद्दल मनापासून आभार.

परवा माझी गाडी चालू होईना. मी प्लग बदलला, एअर फिल्टर झटकला, कार्बुरेटरही साफ केला. एका किकमध्ये सुरू! धाकटी पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "पप्पा, मग बिघडलं काय होतं?"

मला सांगता आलं नाही, नाना.

तुमचा,
समोरच्या घरातला