तलावातली नीळ

होळीच्या चार दिवस आधी

प्रिय वसंता,

पाकिटावरचं अक्षर पाहून हा गेला की काय असं वाटलं असेल तुला. गेलो नाही. दोन वर्षं बोललो नाही, म्हणून फोन करायला तोंड नाही. शिवाय फोनवर तू पहिल्याच वाक्याला हसशील आणि माझं सांगायचं राहून जाईल. पत्रात तू कितीही हस, मला ऐकू येत नाही.

तब्येत बरी. साखर गोळीवर आहे, गुडघा आहे तसाच. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन संक्रांतीनंतर झालं. दुखलं नाही. डाव्याचं बाकी आहे.

आता ऐक. तुझंच खरं होतं.

हे वाक्य लिहायला पाऊण तास लागला, मधे दोनदा चहा झाला. पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा कागद जपून ठेव.

मंडईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तू आमच्या ओसरीवर माझी बारा चित्रं पाहिलीस आणि चार लोकांसमोर म्हणालास, "मास्तर, तलावात धोब्याची नीळ सांडली का बे?" लोक हसले. त्यानंतर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. नाटकाच्या पडद्यांचा विषय काढायला नको होता, एवढं कबूल करतो. (पण वडश्याच्या त्या जंगलाच्या पडद्यावरचं माकड तूच काढलं होतंस आणि ते कुत्र्यासारखंच दिसत होतं, हे आजही कायम.)

तर डोळ्याची पट्टी निघाली. दवाखान्याच्या पायरीवर ही उभी होती. मी म्हटलं, नवी साडी घेतली वाटतं? म्हणाली, "नवी कायची जी, तुमच्या निरोप समारंभाले घेतली होती." वसंता, ती साडी मी चार वर्षं काळी समजत होतो. जांभळी आहे! पिकल्या जांभळासारखी. काळी साडी नेसून लग्नाला येऊ नको म्हणून मी तिच्याशी एकदा भांडलोही होतो आणि ती बिचारी बदलून आली होती. येताना एसटीच्या खिडकीतून धानाच्या बांध्या पाहत होतो. धान निघून गेलेलं, मधे लाखोळी फुललेली. ती निळी फुलं इतकी निळी होती की मी कंडक्टरला दाखवली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेला.

मग महिनाभर डॉक्टरांनी सगळं बंद केलं: चुलीचा धूर, डोक्यावरून पाणी, आणि मुख्य म्हणजे धूळ. मी विचारलं, पेस्टल चालेल का? ते म्हणाले, ते काय असतं? कसं सांगू त्यांना. धूळच ती. रंगाची भुकटी, खडूची माती आणि नावापुरता डिंक. तुला आठवतं, कॉलेजात पैसे नव्हते म्हणून आपण गेरू आणि खडू कुटून कांड्या वळल्या होत्या? कतिरा डिंक घ्यायच्या जागी तू बाभळीचा आणलास, तोही ओंजळभर. वाळल्यावर त्या कांड्यांनी कागद फाटायचा, रंग लागायचा नाही. होस्टेलच्या भिंतीवर मात्र छान ओरखडे निघाले.

महिना झाला आणि मी ट्रंक उघडली. चौसष्ट चित्रं, प्रत्येकावर बटर पेपर. बहुतेक सगळी आपल्या मामा तलावाची, म्हणजे त्या माजी मालगुजारी तलावाची, पाळीवर त्याच दगडावर बसून काढलेली. ओसरीवर ओळीने मांडली आणि खाली बसलो. शेजारचा पोरगा आला होता, तो म्हणाला, "सर, हा तलाव रात्रीचा आहे का?" रात्रीचा नव्हता रे. सकाळी दहाचा होता.

आंब्याची सावली जांभळी, पाळीखालचा ओला चिखल जांभळा. बेशरमाची झुडपं पाण्यात उतरतात तिथला अंधार तर गर्द निळा, शाईची दौत उपडी केल्यासारखा. आणि हे मी काढलंय. साठीच्या अलीकडे पलीकडे, पूर्ण शुद्धीत.

तू लगेच म्हणशील, डोळ्याचा काचेसारखा भाग पिवळा पडला तर झाड पिवळं दिसेल आणि कांडीही पिवळीच दिसेल, मग चूक कशी होईल? हेच मीही म्हटलं. दोन दिवस त्याच आशेवर होतो. फिकट रंगांत ते बऱ्यापैकी खरं आहे, माझी आकाशं फार बिघडलेली नाहीत. घोळ गडद रंगांत आहे. पिवळा पडदा निळा उजेड आत येऊच देत नाही. त्यामुळे गडद निळी, गडद जांभळी आणि काळी, तिन्ही कांड्या एकसारख्याच काळपट दिसतात. तैलरंगात निदान ट्यूबवर नाव तरी असतं. पेस्टलमध्ये पॅलेटवर काही कालवायचं नाही, सरळ हवा तो तुकडा उचलायचा. आणि तुकड्यांवरचे कागद मी पहिल्याच दिवशी काढून फेकतो, हे तुझंच शिक्षण.

पुरावाही सापडला. गडद कांड्यांचा माझा ट्रे आठवतो का? त्यात सगळ्यांवर सगळ्यांची भुकटी बसलेली. मी त्या कणीत घोळल्या, नेहमीसारख्या, डब्यात तांदळाची कणी घालून डबा हलवला. धुऊन निघाल्यासारख्या बाहेर आल्या. एकवीस तुकडे. त्यात काळी एकच, तपकिरी दोन, गडद हिरवी तीन. बाकी पंधरा निळ्या-जांभळ्या. चार वर्षं मी तो ट्रे "काळसर" म्हणून वापरत होतो. झिजल्या की त्याच "काळसर" मागवत होतो. कणी निळी झाली ती अंगणात टाकली, तर ही ओरडली, "आता का कोंबड्याइले बी रंगवता जी?"

गंमत म्हणजे डोळे बारीक करून पाहिलं तर चित्रं बरोबर आहेत. उजेड उजेडाच्या जागी, अंधार अंधाराच्या जागी. सरांनी घोकून घेतलं होतं ना, आधी उजेड-अंधार, रंग मागाहून. ते हाताने सोडलं नाही. रंग तेवढा सोडून गेला.

मोनेचं, त्या फ्रेंच चित्रकाराचं, तुला ठाऊकच आहे. १९१२ मध्ये मोतीबिंदू सांगितला, ऑपरेशन १९२३ मध्ये. मधली वर्षं त्याच तळ्याची, त्याच कमळांची चित्रं, आणि ट्यूबवरची नावं वाचून रंग घ्यायचा. त्याचं तळं लाल-तपकिरी होत गेलं आणि माझं निळं, म्हणजे आजार एकच असला तरी परिणाम एकच होतो असं नाही. तू हसण्याआधी मीच हसून घेतलं. मला खरं जवळचं वाटतं ते शार्दांचं, तोही फ्रेंच चित्रकार, मोनेच्या आधीचा. सत्तरी ओलांडली, डोळे गेले, तेव्हा तैलरंग ठेवून पेस्टल धरले. १७७१ चं ते स्वतःचं चित्र, नाकावर चष्मा, डोक्याला फडकं, आपल्याकडे रोखून बघणारा म्हातारा. लायब्ररीतल्या पुस्तकातलं ते पान तू फाडलंस असं मी सरांना सांगितलं होतं. मीच फाडलं होतं. आता सगळीच कबुली चालली आहे तर तीही घे.

मग काय करावं? पेस्टल सुकत नाही, त्यामुळे हवं तेव्हा काढता येतं. कडक केसांच्या कोरड्या ब्रशने हळू झाडलं की थर उतरतो, कागदाचा दात, म्हणजे रंग धरणारा खरखरीतपणा, पुन्हा उघडतो. पॉलिश पेपरवर केलेली तर कितीदाही झाडा. एक चित्र घेतलं, आंब्याचं. बोर्ड उभा धरून सगळं जांभळं झाडलं, तोंडाला रुमाल, डोळ्याला पोराचा गाडी चालवायचा गॉगल. खाली थोडा तांबडा ठेवला, वरून गडद हिरवा आणि तपकिरी. संध्याकाळपर्यंत सावली सावलीसारखी झाली. चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. त्याच्या शेजारी न झाडलेलं तसलंच दुसरं ठेवलं आणि सहज उजवा डोळा झाकला.

दोन्ही सारखी!

पुन्हा पाहिलं. उजव्याने एक निळं आणि एक हिरवट. डाव्याने दोन्ही तीच. हिला बोलावून विचारलं, तिला फरक स्पष्ट दिसला. म्हणजे माझा डावा डोळा अजून तिथेच बसलाय, पाळीवर, त्या दगडावर, आणि तो म्हणून राहिला की काहीही चुकलेलं नाही.

तेव्हापासून माझं हेच चाललंय. पाळीवर जातो, एक डोळा झाकतो, मग दुसरा. शिंगाडेवाल्याने विचारलं, "सर, कोनाले डोळा मारून रायले?" आता डाव्याची तारीख मिळाली होती, ती मी पुढे ढकलली. हिला सांगितलं डॉक्टर गावाला गेलेत. तिचा विश्वास बसलेला नाही.

उन्हाळ्याआधी करून टाका म्हणतात. करीनही. पण तो डोळा गेला की ती चौसष्ट चित्रं ज्याला बरोबर दिसतात असा जगात कोणी उरत नाही. हे हिला सांगितलं तर म्हणाली, मग नका करू, पण रात्री गाडी चालवू नका. बायकोला इतका सरळ उपाय सुचतो याचाच राग येतो.

आणि काही लोकांना ती तशीच आवडली आहेत, ही आणखी एक भानगड. नागपूरला मांडली होती तेव्हा एक जण बराच वेळ उभा राहून म्हणाला, या सावल्यांमध्ये फार धाडस आहे. मी मान हलवली. काय बोलणार? त्याने एक विकतही घेतलं. आता त्याला पत्र पाठवू का, की साहेब, धाडस नव्हतं, मोतीबिंदू होता? तुझ्या चिमीच्या लग्नात दिलेलंही त्यातलंच. तिच्या सोफ्याच्या वर भिंतीवर असेल. तिला काही सांगू नको, फक्त काचेला आतून भुकटी चिकटली का बघ, आणि पावसाळ्यात बुरशी आली का. पुण्याची हवा आपल्यापेक्षा बरी, पण भिंत ओली असेल तर काढून ठेवायला सांग.

तू आजोबा झालास हे हिच्याकडून कळलं. अभिनंदन रे. तुझ्या छातीचं काय झालं? वहिनींचा दवाखाना सुटला का? फ्लॅटमध्ये करमतं का तुला? सगळं सविस्तर लिही, मी इथे दोन ओळींत उरकलं म्हणून तू उरकू नको.

आता खरं काम सांगतो, त्यासाठीच एवढं लांबवलं.

त्या चौसष्टांत एक अण्णा गेले तेव्हाचं आहे. त्यांना पोहोचवून आपण परत आलो, तू स्टँडवर जायच्या ऐवजी माझ्याबरोबर पाळीवर येऊन बसलास. कोणीच बोललं नाही. पेटी त्यांच्या घरून येताना तू उचलून आणली होतीस, ती मधे ठेवलेली. अंधार पडेपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी मी आठवून ते चित्र केलं. त्यात सगळं पाणी जांभळं आहे. सावली नाही, अख्खं पाणी, या काठापासून त्या काठापर्यंत.

ओसरीवर तू बाकीच्या अकरांची टर उडवलीस आणि त्या एकापाशी काहीच न बोलता पुढे गेलास. मी पाहिलं होतं. भांडणात ते बोलायचं राहून गेलं.

ते झाडायला मी दोनदा ब्रश हातात घेतला. डोळ्याचा दोष असेल तर झाडलं पाहिजे. पण मला तर ते पाणी तसंच आठवतं आणि आठवतं ते डोळ्यातून आलेलं की कुठून, हे मला आता सांगता येत नाही. तेव्हाही मोतीबिंदू सुरू झालेलाच असणार. तुझे डोळे मात्र तेव्हा चांगले होते. माझ्याच बाजूला, पेटीच्या पलीकडे बसला होतास. त्या दिवशी पाणी जांभळं होतं का नव्हतं, एवढंच मला लिही. बरं वाटावं म्हणून लिहू नको.

येणारच असशील तर पळस झडायच्या आत ये. येताना गडद हिरव्या आणि गडद तपकिरी कांड्या आण, सुट्या मिळतात तिथल्या. डब्यातल्या नको, डब्यात सगळ्या गुलाबी आणि पोपटीच भरलेल्या असतात. रंग तू स्वतः पाहून घे, दुकानदारावर सोडू नको. आणि त्याआधी तुझेही डोळे एकदा तपासून घे लेका, त्याशिवाय मी तुझं काही ऐकणार नाही.

तुझा,
मास्तर

ता.क. पत्र हिने वाचलं. म्हणते, डॉक्टर गावाला गेले नव्हते हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.